आमची पावसाळ्याची बेगमी

होळीची राख थंड होते न होते तोच माझ्या सासूबाई एके दिवशी सकाळी गच्चीवर जाऊन उभ्या राहतात. पदर डोक्यावर, एक हात कमरेवर आणि नजर पारसिकच्या डोंगराकडे. ऊन कोठून चढते, शेजारच्या नव्या मजल्याची सावली कोठवर पडते, पाण्याच्या टाकीमागे किती वाजेपर्यंत दमट राहते, याची पाहणी पाच-दहा मिनिटे चालते. मग त्या खाली येतात आणि मला विचारतात, "तुजी परीक्षा कवा संपतंय?" परीक्षा माझी नसते, मुलांची असते, पण पंचवीस वर्षे मराठी शिकवूनही हा फरक मी त्यांना पटवू शकलेले नाही. त्यांच्या लेखी मार्च ते मे हे तीन महिने बेगमीचे. त्याच दिवसांत विद्यापीठाने परीक्षा घ्याव्या, पेपर तपासायला लावावे, हा विद्यापीठाचा निव्वळ अडाणीपणा!

लग्न होऊन मी २००६ साली करावे गावात आले ती साताऱ्याहून. आमच्याकडेही उन्हाळी कामे होतीच. तीन दिवस गहू भिजत घालायचे, वाटून चीक काढायचा, तो शिजवताना हात भाजून घ्यायचा आणि कुरडया पाडायच्या. पोरांनी राखण करता करता निम्मा चीक फस्त करायचा. तेव्हा बेगमी म्हणजे काय हे मला कोणी शिकवायला नको, अशी माझी समजूत होती. पहिल्याच एप्रिलात ती उतरली. सासरच्या गच्चीवर कुरडया होत्या, पण एका कोपऱ्यात, पाहुण्या आल्यासारख्या. बाकी सारी गच्ची मिरच्या, धणे, हळकुंडे, चिंच, तांदळाच्या पापड्या आणि जवळा, सोडे, वाकट्या यांनी व्यापलेली. मी नाकाला पदर लावला. सासूबाईंनी तो पाहिला आणि काहीच बोलल्या नाहीत. संध्याकाळी मात्र मी पुस्तक घेऊन बसले असता जाता जाता म्हणाल्या, "पावसान काय पुस्तकां रांदून खाशील?"

मुंबई-पुण्याच्या वाचकांना आता करावे म्हणजे पाम बीच मार्गावरून मोटार जाताना डाव्या-उजव्या हाताला दिसणाऱ्या उंच इमारतींच्या मधले एक दाट गावठाण, एवढेच ठाऊक असायचे. सासूबाई येथे सून म्हणून आल्या त्या १९७० साली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये सिडकोची स्थापना झाली. परंतु करावे गावात त्या वेळी त्याची वार्ता कोणालाच नव्हती. खाडीवरचा वाशीचा पूल व्हायचा होता. गावाच्या एका अंगाला भातशेती, दुसऱ्या अंगाला खाडी, मधे खारे पाणी अडवणारे बांध आणि आसपास मिठागरे. आगर म्हणजे मिठागर, आणि आगरात राबणारा तो आगरी, अशी या समाजाच्या नावाची उपपत्ती सांगतात. ती ऐकून सासूबाई हसतात. त्यांना उपपत्ती नको, त्यांच्या तळपायांना त्या मिठाची आठवण आहे.

त्या काळचा उन्हाळा त्यांच्या तोंडून ऐकावा. भाताची कापणी-झोडणी आटोपून कणगी भरलेली असे. मग फुटलेले बांध मातीने बांधून काढायचे, कारण पहिल्या उधाणाला खाडीचे पाणी आत शिरले तर जमीन नासली. गोवऱ्या थापून त्यांची उडवी रचायची, लाकूडफाटा पडवीत भरायचा, घरावरची कौले उतरवून फुटकी बदलायची. चिंच फोडून, चिंचोके काढून, मीठ लावून तिचे गोळे करायचे. तांदळात कडुनिंबाचा पाला घालायचा. मीठ टोपलीत भरून खाली मडके ठेवायचे, कारण पावसाळी हवेत मिठालाही पाझर फुटतो. मृग नक्षत्र ७-८ जूनला लागते. त्याच्या आत घरात काय आहे ते आहे. पुढचे चार महिने चिखलातून बाजाराला जायचे नाव काढायचे नाही. खाडीत जाळे टाकणेही वाऱ्यापावसावर अवलंबून. म्हणून सुकी मासळी. आता तर १ जून ते ३१ जुलै या काळात राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारीची सरकारी बंदीच असते, कारण तो माशांच्या पैदाशीचा काळ. सासूबाईंच्या मते सरकारला हे फार उशिरा कळले.

पुढची हकीकत आपण सारे थोडीबहुत जाणतो. नव्या शहरासाठी ठाणे आणि त्या वेळचा कुलाबा या दोन जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनी घ्यायचे ठरले. मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा झाला. १९८४ च्या जानेवारीत जासई-दास्तान फाटा भागात गोळीबार होऊन पाच माणसे हुतात्मा झाली, आणि त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे धोरण आले. आमच्या घरी या विषयावर सासरे असेपर्यंत फार बोलणे होई. सासूबाई त्यात पडत नसत. जमीन गेल्याचे दुःख त्या एकाच वाक्यात सांगत, "खला गेला." खळे म्हणजे घरामागची सारवलेली, टणक, उन्हातली जागा. तेथेच भात झोडायचे आणि तेथेच वाळवण घालायचे. १९९४ साली कौलारू घर पाडून दोन मजली सिमेंटचे घर उभे राहिले, तेव्हा गवंड्याला त्यांनी एकच अट घातली होती: वरची गच्ची सपाट आणि मोकळी पाहिजे. घरातल्यांना वाटले, म्हातारपणी बसायला हवी असेल. पहिल्याच उन्हाळ्यात गच्चीचे खळे झाले.

सगळ्या बेगमीत मानाचे पान मसाल्याचे. आमचे घर नऊ माणसांचे. वर्षाला दहा किलो मिरची लागते: पाच किलो बेडगी, तीन किलो काश्मिरी आणि दोन किलो संकेश्वरी. बेडगी रंगाला; ती कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगीची, दिसायला सुरकुतलेली आणि तिखटाला सौम्य. झणका संकेश्वरीचा. मिरची बाजारातून आणल्यावर निवडायची, देठे काढायची आणि कडकडीत तीन-चार उन्हे द्यायची. मिरची वाजली पाहिजे. सासूबाई मूठभर मिरच्या कानाशी नेऊन हलवतात आणि आतल्या बिया खुळखुळ्यासारख्या बोलल्या तरच पुढच्या कामाला परवानगी मिळते. मग धणे, मोहरी, खसखस, शहाजिरे, मिरी, लवंग, दालचिनी, दगडफूल, नागकेशर, जायपत्री, बाद्यान, तमालपत्र, हळकुंडे. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण खसखशीला जी आच सोसत नाही ती हळकुंडाला पुरतही नाही. हे भाजण्याचे काम जाऊबाईंचे. माझ्याकडे पहिली पाच वर्षे फक्त देठे काढण्याचे काम होते, आणि ती माझी उमेदवारी होती हे मला फार उशिरा उमगले.

कांडण मात्र गिरणीत नाही. गावात डंका आहे, अर्ध्या तासात सारे होते. पण यंत्रात मसाला तापतो आणि त्याचा वास उडतो, असे सासूबाईंचे मत. तेव्हा घरच्या उखळापुढे आळीतल्या तिघी-चौघी बायका मुसळे घेऊन उभ्या राहतात. एकीचे मुसळ खाली येते तेव्हा दुसरीचे वर असते. पाहणाराला वाटते, आता आदळणार! आदळत नाही. तोंडाला फडकी बांधलेली, डोळ्यांतून धारा, आणि त्यातही गाणी चाललेली. लग्नात धवले गाणाऱ्या एक आजीबाई आमच्या आळीत आहेत. त्यांनी सूर धरला की मुसळांचा ताल आपोआप बसतो. मी एकदा वही-पेन्सिल घेऊन बसले. दोन ओळी उतरल्या असतील नसतील, तोच कोणीतरी माझ्या हातात मुसळ दिले. दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर लिहायला माझा हात वर जाईना. वही अजून तशीच आहे.

तयार मसाला चिनी मातीच्या बरणीत दाबून भरायचा, वर हिंगाचे खडे ठेवायचे, फडके बांधायचे आणि बरणीला ओला हात लावायचा नाही. मग ज्या बायका कांडायला आल्या त्यांना जेवण, आणि वाटीवाटी नवा मसाला. मजुरीचा हिशोब नसतो. उद्या त्यांच्या उखळापुढे आम्ही उभ्या.

सुक्या मासळीविषयी लिहिताना मला अंमळ संकोच वाटतो, कारण वाचकांपैकी काही जण येथे पान उलटतील. एकेकाळी मीही उलटले असते. बोंबील आमच्या गच्चीवर वाळत नाहीत. ते वर्सोवा-उत्तनच्या बाजूला, बांबूच्या मांडवांवर, दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरीवर टांगतात. आमच्याकडे ते वाळलेले येतात आणि पुन्हा दोन उन्हे खातात. जवळा आणि कोळंबी मात्र घरी. कोळंबी सोलून वाळवली की सोडे होतात. टोपलीभर कोळंबीचे एक डबा सोडे झालेले पाहून पहिल्या वर्षी मला वाटले, कावळ्यांनी नेले! पाणी गेले की एवढेच उरते, आणि पाणी गेले म्हणूनच ते टिकते. बुरशीला ओल लागते. खाडीकाठच्या हवेत संध्याकाळी ओल असतेच. म्हणून पाचच्या आत वाळवण खाली आणायचे हा आमच्या घरचा कडक नियम. रात्रभर गच्चीवर राहिलेल्या पापडीला 'हवा लागली' म्हणतात, आणि ती तळली तरी फुलत नाही.

मध्यंतरी आम्ही दोघे तीन वर्षे जवळच्याच एका सोसायटीत भाड्याने राहिलो होतो. घर लहान पडे म्हणून. तेव्हा मी मोठ्या हौसेने आमच्या सज्जात दोन सुपे भरून जवळा वाळत घातला. तिसऱ्या दिवशी सेक्रेटरींचे पत्र आले. भाषा सभ्य होती. 'आपल्या सज्जातून येणाऱ्या दुर्गंधीमुळे सभासदांना त्रास' वगैरे. गंमत अशी, की सोसायटी जेथे उभी होती तेथे पूर्वी खाडीच होती, आणि तेथल्या हवेला याहून वेगळा वास कधी नव्हता! यांनी (म्हणजे आमच्या यजमानांनी) उत्तर लिहायला घेतले होते. सासूबाईंनी ते लिहू दिले नाही. त्या आल्या, सुपे उचलली आणि रिक्षात बसून गावात घेऊन गेल्या. रिक्षावाल्याने तक्रार केली नाही; तो बहुधा आमच्याच बाजूचा असावा. वर्षभरात आम्हीही परत गावात आलो.

आता मुख्य गोष्टीकडे येते. आमच्या भाऊजींचा मुलगा, माझा पुतण्या, २०२५ साली बारावी झाला. निकाल ५ मे रोजी लागला. त्याला बोटीवर जायचे आहे. करावे गावाच्या कडेलाच 'टी. एस. चाणक्य' ही नाविक शिक्षणाची सरकारी संस्था आहे. तिच्या कुंपणाबाहेर हा लहानपणापासून क्रिकेट खेळला, आणि पांढऱ्या गणवेशातली मुले पाहून ही आवड लागली. तेथे नंबर लागण्याइतकी तयारी झाली नव्हती, हे त्यालाही ठाऊक होते. खासगी संस्थेत जागा मिळण्यासारखी होती. पण तिची फी ऐकून जाऊबाई खालीच बसल्या. भाऊजींनी तोडगा काढला. भविष्य निर्वाह निधीतले पैसे काढून गच्चीवर दोन खोल्या बांधायच्या, त्या भाड्याने द्यायच्या आणि भाड्यातून शिक्षणाच्या कर्जाचे हप्ते फेडायचे. पैसे सरळ फीला का घालू नयेत, असे मी विचारले. ते म्हणाले, "वहिनी, फी एकदा गेली की गेली. खोल्या राहतील." हिशोब बिनचूक होता. अडचण एवढीच, की आईंना कोणी सांगायचे?

कोणीच सांगितले नाही. सारे घर आठ दिवस कुजबुजत राहिले. तेवढ्यात वाळवण ऐन भरात आले होते, मिरच्या कांडून झाल्या होत्या, पण सोडे, जवळा आणि तांदळाच्या पापड्या अजून गच्चीवर होत्या. आणि मे महिन्याच्या मध्यालाच आभाळ भरून येऊ लागले. एरवी मुंबईत मोसमी पाऊस ११ जूनच्या सुमारास येतो. २०२५ साली तो २६ मे रोजीच आला, आणि हवामान खात्याच्या नोंदींत इतक्या लवकर तो कधी आला नव्हता. त्याआधीही वळवाच्या सरी चालूच होत्या. दिवसातून चार-चार वेळा आम्ही साऱ्याजणी जिने चढत-उतरत होतो. सासूबाईंचे गुडघे दोन वर्षांपूर्वीपासून दुखतात. त्या जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून हुकूम सोडत होत्या. तरी सोडे निम्मेच वाळले. पापड्या आंबुस वास देऊ लागल्या.

त्या संध्याकाळी मला लिज्जत पापडाची गोष्ट आठवली. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले. पहिल्याच पावसाळ्यात चार महिने काम बंद पडले, कारण ऊन नाही. पुढल्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. पापड खाटेवर, स्टोव्ह खाटेखाली. पाऊस बाहेर पडत राहिला आणि पापड वाळत राहिले. मी ही गोष्ट सासूबाईंना सांगितली. त्यांनी विचारले, "पुस्तकान हाय?" मी हो म्हटले. मग माळ्यावरची जुनी खाट उतरवली, तिच्यावर साडी अंथरली, खाली लहान शेगडी मंद ठेवली आणि पंखा लावला. कोणीतरी जागे राहायला हवे, म्हणून आम्ही दोघी बसलो. खोलीत उष्मा असह्य होत होता. वास तर विचारूच नका.

रात्री एकच्या सुमारास त्या म्हणाल्या, "गच्चीवर खोल्या काराच्या हायेत ना?"

मी गप्प बसले. त्यांना केव्हापासून ठाऊक होते कोण जाणे. आठ दिवस घरातल्या आठ माणसांनी जे लपवले, ते त्यांनी बहुधा पहिल्याच दिवशी ओळखले असावे.

"मना इचारला असता त मी काय नाय बोलली असती काय?" त्या पुढे म्हणाल्या. "मसाला कुठं पन कुटता येतंय. पोराचा वय परत येल काय?" थोड्या वेळाने सोड्यांवरून हात फिरवत त्यांनी सांगितले, की त्या या घरात आल्या तेव्हा खळे केवढे होते, त्यानंतर अंगण किती उरले, मग गच्ची. हे सांगताना त्यांच्या आवाजात रड नव्हती. पण हात थांबला होता, आणि शेगडी मोठी झाली आहे हे एरवी क्षणात ओळखणाऱ्या बाईंच्या ते लक्षात आले नाही. एका कडेच्या पापड्या करपल्या. त्या आम्ही दुसऱ्या दिवशी तळून खाल्ल्या. कडवट लागल्या, पण कोणी नावे ठेवली नाहीत.

सोडे मात्र उत्तम निघाले. श्रावण लागेपर्यंत पुरले. पुतण्या ऑगस्टमध्ये गेला, आणि जाताना जाऊबाईंनी त्याच्या पेटीत मसाल्याची बाटली घातली. तेथल्या खानावळीचे जेवण फिक्के असते असा त्याचा पहिलाच निरोप आला, तेव्हा सासूबाईंचा चेहरा पाहण्यासारखा होता.

दसऱ्यानंतर बांधकाम सुरू झाले. विटा, रेती वर गेली. एके दिवशी कंत्राटदार आले असता सासूबाईंनी जिन्याच्या मधल्या पायरीवरून त्यांना थांबवले आणि विचारले, "खोल्यांच्या वरती गच्ची रवल ना?" ते म्हणाले, स्लॅब राहील, पण जिना तेथवर नेता येणार नाही, जागा नाही; बाहेरून लोखंडी शिडी लावू. त्या क्षणभर आपल्या गुडघ्यांकडे पाहत राहिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू हायस ना?"

मी हो म्हणाले. गेल्या रविवारी गवंडी जेवायला गेले असताना कोणी पाहत नाही असे बघून मी त्या शिडीवर चढून आले. पायऱ्या अठरा आहेत. बाराव्या पायरीपाशी ती थोडी हलते. वरती चारी बाजूंनी ऊन आहे, आणि पाण्याची टाकी मधे येत नाही.